एक्केचाळीस नंबरची फिल्म

गायधनी सरांनी बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "योगिनी, आता आपण संशोधन करायचं."

डॉ. योगिनीला वाटलं, सर गंमत करताहेत. नाशिकमधल्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात एक्स-रे विभाग म्हणजे तळमजल्यावरच्या अडीच खोल्या. एकीत मशीन, दुसरीत या दोघांची टेबलं आणि फिल्म लावून बघायचे उजेडाचे डबे, आणि उरलेल्या अर्ध्या खोलीत टेक्निशियन दिनेशची डार्करूम. तिथे आजवर कुणी काही शोधलंच असेल, तर पंखा एवढा गरगरतो तरी वारा का लागत नाही, एवढंच.

पण सर गंमत करत नव्हते. पुण्याच्या कॉन्फरन्सहून आल्यापासून त्यांच्या डोक्यात एकच भुंगा होता. तिथे कुणीतरी आकडे दाखवले होते. चांगल्या मुरलेल्या डॉक्टरांच्या नजरेतूनही छातीच्या फिल्ममधले बारीक डाग सुटतात, आणि तीच फिल्म दुसऱ्या डॉक्टरने स्वतंत्रपणे पाहिली तर त्यातले बरेच सापडतात.

"मग आपल्याकडे किती सुटतात? मोजायला नको?" सर म्हणाले.

मोजायची रीत त्यांनी ठरवूनच ठेवली होती. मागच्या दोन वर्षांतल्या दोनशे फिल्म काढायच्या. नावावर काळी पट्टी चिकटवायची, वर नुसता नंबर. दोघांनी वेगवेगळ्या वेळी बसून बघायच्या, जे दिसेल ते चिठ्ठीवर लिहायचं, पाकीट बंद करून डब्यात टाकायचं. एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही. शेवटी पाकिटं उघडायची आणि आकडे घेऊन ट्रस्टींकडे जायचं. यापुढे प्रत्येक फिल्म दोघांनी बघायची, असा नियम सरांना करून घ्यायचा होता.

सरांचा उत्साह बघून दिनेश लगेच काळी पट्टी आणायला पळाला.  योगिनीला मात्र त्या डब्यातून काय बाहेर पडणार, हे आधीच ठाऊक होतं.

गेलं वर्षभर सरांच्या नजरेतून डाग सुटत होते. मोठे नाहीत, बारीक, आणि तेही बहुतेक वेळा वरच्या बाजूला, कॉलर बोनच्या आड लपलेले. सर रजिस्टरमध्ये "नॉर्मल" लिहीत. टाइप झालेले रिपोर्ट बाहेर जाण्याआधी टायपिंगच्या चुका बघायचं काम योगिनीचं. एकदा सहज तिने रिपोर्टसोबतची फिल्म उजेडात धरली आणि तिला डाग दिसला. तिने रिपोर्ट फाडला, नवा करून घेतला आणि टायपिस्टला सांगितलं, "सरांनी तोंडी सांगितलंय." मग ती रोजच फिल्म बघू लागली. वर्षभरात असे बरेच रिपोर्ट तिने गुपचूप दुरुस्त केले. पेशंटचं नुकसान झालं नाही आणि सरांना कळलंही नाही. आपण फार शहाणपणाने वागतोय, असं तिला वाटत होतं.

सरांसाठी तिने याहूनही जास्त केलं असतं. पाच वर्षांपूर्वी, अठ्ठ्याण्णव साली, ती येवल्याहून नोकरीला आली तेव्हा पहिल्याच महिन्यात तिच्या हातून घोडचूक झाली होती. एका बाईच्या छातीत फुप्फुसाबाहेर हवा साठली होती, ती हिला दिसली नाही. सरांना दिसली. तोवर बाई रिपोर्ट घेऊन निघून गेली होती. अठ्ठावन्न वर्षांचे सर ॲप्रनसकट सीबीएस स्टँडपर्यंत धावत गेले, सुटायला निघालेल्या पेठच्या एसटीपुढे आडवे उभे राहिले आणि बाईला खाली उतरवून घेऊन आले. कंडक्टरच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच. परत आल्यावर धापा टाकत त्यांनी कपाटातून एक शंभर पानी वही काढली आणि योगिनीच्या हातात दिली.

"यात लिहायचं. काय सुटलं आणि का सुटलं. रडायचं असेल तर लिहून झाल्यावर रड."

ती वही तिच्या खणात अजून होती, आणि निम्मी भरली होती. आपली एकही चूक तिने त्यात लिहायची ठेवली नव्हती.

आता याच माणसाच्या चुका आपल्या हाताने डब्यात घालायच्या? एकतीस वर्षं इथे काढलेल्या माणसाला ट्रस्टी काय म्हणतील? सरांना घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. त्यांचं घर म्हणजे या अडीच खोल्या. तिने मनाशी ठरवून टाकलं. फिल्म जुन्या आहेत, या पेशंटांचे उपचार केव्हाच झालेत, तेव्हा यात कुणाचंच वाईट होत नाही. सरांच्या नजरेतून कुठे सुटेल हे तिला तोंडपाठ होतं. तिथे तिनेही "नॉर्मल" लिहायचं. दोघांचं जुळलं की प्रश्नच मिटला.

तीन आठवडे ती इमानाने बेइमानी करत होती. एक्केचाळीस नंबरच्या फिल्मपाशी तिचा हात जरा थांबला. उजवं कॉलर बोन कधीतरी मोडून वाकडं सांधलं होतं, आणि त्याच्या मागे वाटाण्याएवढा डाग होता. हे वाकडं हाड आपण कुठेतरी पाहिलंय असं तिला वाटलं. पण असं रोजच वाटतं, असं म्हणून तिने "नॉर्मल" लिहिलं आणि पाकीट चिकटवलं.

पाकिटं उघडायच्या दिवशी दिनेशने चहा मागवला. एकेक नंबर पुकारत सर चिठ्ठ्या जुळवत गेले. दोनशेपैकी फक्त सात ठिकाणी फरक निघाला. योगिनीचा जीव भांड्यात पडला.

"दिनेश, तू जरा जेवून ये," सर म्हणाले. दार लागेपर्यंत ते थांबले. मग त्यांनी सातातल्या चार चिठ्ठ्या तिच्यापुढे सरकवल्या. "या चार फिल्ममध्ये मला डाग दिसला आणि तुला नाही दिसला. ही बघ, एक्केचाळीस. मी लिहिलंय, उजवीकडे कॉलर बोनच्या मागे डाग. तू लिहिलंस, नॉर्मल."

योगिनी चिठ्ठीकडे बघत राहिली. सरांना दिसला होता! तिने त्यांना जेवढं थकलेलं धरलं होतं, तेवढे ते थकलेले नव्हते. आनंद मानावा की मान खाली घालावी, हेच तिला कळेना.

सरांनी खणातून एक टाइप केलेला कागद काढला. त्याच फिल्मचा मागच्या वर्षीचा रिपोर्ट होता. शेवटची ओळ तिची होती: उजव्या कॉलर बोनच्या मागे डाग, क्षयाची तपासणी करावी.

"मागच्या वर्षी दिसलेला डाग यंदा दिसेनासा झाला?"

तिने कागद उलटा करून ठेवला.

"ही फिल्म नामपूरच्या रंगूबाईंची. जानेवारीत त्या आल्या होत्या," सर शांतपणे सांगू लागले. "तू रजेवर होतीस. माझे पाय धरायला लागल्या. तुम्ही डाग शोधलात म्हणून वेळेवर गोळ्या मिळाल्या, म्हणाल्या. मी कौतुकाने रजिस्टर उघडलं, तर माझ्याच अक्षरात नॉर्मल. मग वर्षभराचे सगळे रिपोर्ट रजिस्टरशी ताडून पाहिले. न जुळणारे तीस निघाले. ते तीसही मी या दोनशेत मिसळले होते. नीट सावकाश बघितल्यावर त्यातले एकोणीस मला दिसले, अकरा या वेळीही नाही दिसले. म्हणजे घाई होते आणि नजरही उतरलीय, दोन्ही खरं. ते मला मोजून हवं होतं, म्हणून तर हा खटाटोप. तू सांगितलं असतंस तर आधीच कळलं असतं."

"सर, मला तुमचा अपमान नव्हता करायचा."

"ते कळतंय गं मला. कळतंय म्हणूनच जेवण जात नाहीये." त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलला. "हे घेऊन मी ट्रस्टींकडे गेलो असतो तर ते काय म्हणाले असते? दोघांना सारखंच दिसतं, तर दोन डॉक्टर कशाला? एकाला ठेवलं असतं. मला काढायची त्यांना लाज वाटली असती, म्हणजे तुला काढलं असतं. मग रंगूबाईंचा डाग कुणी बघितला असता?"

हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. सरांना जपता जपता आपण काय बुडवायला निघालो होतो, ते तिला तेव्हा दिसलं आणि तिचे डोळे भरून आले.

"तुम्ही त्या दिवशी माझ्यासाठी स्टँडपर्यंत धावलात, सर."

"तुझ्यासाठी?" सर चकितच झाले. "अगं, मी त्या बाईसाठी धावलो. तुझ्यासाठी मी ती वही आणली होती. आण बघू इकडे."

तिने खणातून वही काढली. सरांनी चष्मा वर करून पानं चाळली. पाच वर्षांतल्या तिच्या सगळ्या चुका तारखांसकट होत्या.

"एवढी भरलीस, आणि यात माझं एक पान नाही?" सर म्हणाले.  "मी इतका परका?"

योगिनीने डोळे पुसले आणि तिथेच बसून नवं पान उघडलं. वर लिहिलं, फिल्म एक्केचाळीस. त्याखाली, काय सुटलं: डाग दिसला, पण लिहिला नाही. का सुटलं: या दोन शब्दांपुढे तिचं पेन बराच वेळ थांबलं. मग तिने एकच शब्द लिहिला, माया.

सरांनी तो वाचला. वही मिटून तिच्या हातात दिली, आणि भिंतीकडे तोंड करून उगाचच एक उजेडाचा डबा पुसत बसले. दिनेश जेवून आला तेव्हा त्यांनी त्याला सांगितलं, "माल खराब निघाला. नव्या दोनशे फिल्म काढ."

या खेपेला योगिनीने जे दिसलं ते लिहिलं. थुंकीच्या तपासण्या आणि ऑपरेशनचे कागद यांच्याशी सगळं ताडून पाहिल्यावर सरांचे एकोणीस डाग सुटलेले निघाले, तिचे सहा. पण दोघांच्याही नजरेतून सुटलेला फक्त एक होता. त्या एका आकड्यापुढे ट्रस्टींना बोलायला जागा उरली नाही. रिपोर्टच्या कागदावर दोन सह्यांच्या ओळी छापून आल्या. वरच्या ओळीत सही योगिनीची आणि खालच्या ओळीत सरांची, हे सरांनीच ठरवलं.

कांदे निघायच्या दिवसांत रंगूबाई पुन्हा तपासणीला आल्या. खांद्यावरची कांद्यांची पिशवी त्यांनी सरांच्या पायाशी ठेवली. "डाक्टर, आते मी वावरमा जास. खोकला नही, काही नही. तुम्हीच डाग देखा, म्हणीसन मी वाचनू."

"रंगूबाई, तो डाग मला नव्हता दिसला," सर म्हणाले. "मी सगळं ठीक आहे असं लिहून मोकळा झालो होतो. डाग दिसला तो या मुलीला. मागच्या वेळी तुम्ही पाया पडलात तेव्हाच सांगायला हवं होतं, पण मलाच तेव्हा माहीत नव्हतं."

योगिनीला कुठे बघावं कळेना. रंगूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जवळ येऊन तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मग त्या सरांकडे वळल्या.

"मंग तुम्ही काय करतस?"

"आता? ती बघते, मग मी बघतो. तिचं काही सुटलं तर मी सांगतो."

"आनि तुमनं सुटनं तर?"

"तर ती सांगते," सर म्हणाले. "आता सांगते."

रंगूबाईंना ते पटलं. त्या खाली बसल्या, योगिनीच्या टेबलाखालची रिकामी पिशवी ओढून घेतली आणि कांद्यांचे दोन सारखे वाटे करू लागल्या.