सात मृत हवेत

सीवूड्सच्या 'सागरछाया' सोसायटीत युद्धाला विरोध असा कुणाचाच नव्हता. सीमेवर तणाव वाढल्याच्या तिसऱ्या दिवशी उन्नतीने सोसायटीच्या ग्रुपवर मतदान टाकलं होतं: युद्ध व्हावं का? पर्याय तीन. हो, नक्कीच हो, आणि आजच्या आज हो. तिने ते गमतीत टाकलं होतं. दोनशे तेरा मतं पडली आणि गंमत कुणाच्याच लक्षात आली नाही. पुढे मत न देणाऱ्यांची यादी कुणीतरी मागितली, तेव्हा उन्नतीनेही मुकाट्याने दोनशे चौदावं 'हो' दाबून टाकलं.

म्हणून नागरी संरक्षणाचा सराव ठरला, तेव्हा सेक्रेटरी दिपेशने ते लोढणं तिच्याच गळ्यात अडकवलं. "पोल तुझा, तर लिस्टपण तुझी," तो म्हणाला.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता बागेत खोटा बॉम्ब पडणार होता. त्यासाठी वीस किरकोळ जखमी, दहा गंभीर जखमी आणि सात मृत हवे होते. यादीच्या वहीत खरं नाव, फ्लॅट नंबर आणि सही, गळ्यात कार्ड.

किरकोळ जखमी दहा मिनिटांत भरले. गंभीरला वेटिंग लागलं, कारण गंभीरला खोटं रक्त आणि स्ट्रेचर होतं. बी विंगच्या सोनलने तर जखम उजव्या भुवईवर नको, डावीवर द्या, फोटो डावीकडून बरा येतो, असं आधीच कळवून ठेवलं. मृतांचा रकाना मात्र कोरा.

उन्नती वही घेऊन दारोदार फिरली. ज्यांनी 'आजच्या आज हो' दाबलं होतं, त्यांना रविवारी नेमकं लग्नाला जायचं होतं. कुणाला साडेसाती होती, कुणाची पॉलिसी नुकतीच सुरू झाली होती. एका बोटाने युद्ध मागणारी अख्खी इमारत निळ्या शाईच्या एका रकान्याला घाबरत होती. उन्नती तो रकाना पुन्हा पुन्हा पाहत राहिली. पट्टीने आखलेला, बोटभर रुंदीचा. एवढी ताकद तिने कागदात कधी पाहिली नव्हती.

घरी आई, चारुलता, पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "तुझं नाव त्यात घालायचं नाही. खोटंसुद्धा नाही. वास्तू तथास्तु म्हणते."

"आई, तूपण 'नक्कीच हो' दाबलंयस."

"ते वेगळं. ते देशासाठी होतं."

नवव्या मजल्यावर मधुकरकाका राहायचे. तीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलेले. त्यांनी तिला बसवलं, चहा दिला आणि युद्धाचं मूळ सांगितलं. "आधी 'आपण' हा शब्द तयार होतो, उन्नती. मग त्याला कुंपण लागतं. कुंपणापलीकडच्यांना चेहरा राहिला, तर मारता येत नाही. म्हणून आधी चेहरा पुसतात, बंदूक नंतर येते. न्याय्य युद्धाच्या अटी आहेत, पण त्या तपासतं कोण, तर ज्याला लढायचं आहे तोच."

उन्नती भारावली. "मग तुम्ही 'हो' का दिलंत, काका?"

"'नाही' असा पर्यायच नव्हता."

हा टोला आपल्यालाच आहे हे तिला जिन्यात कळणार होतं. तूर्त तिने पेन पुढे केलं. "मृतांत लिहू?"

"तत्त्वतः माझी हरकत नाही," काका म्हणाले आणि स्वयंपाकघराकडे पाहू लागले.

आतून काकूंचा आवाज आला, "मी अजून कुंकू लावते. त्यांचं नाव कुठे लिहायचं नाही. चहा झाला असेल तर कप आत ठेव."

रविवारी चार वाजता दिपेशने तोडगा काढला. "वॉचमन, सफाईवाले, गेटवरची मच्छीवाली सखूमावशी. लिहून टाक सात जण. त्यांना काय फरक पडतो?"

"त्यांना पोलमध्ये कुठे विचारलं होतं?"

"ते मेंबर नाहीत ना सोसायटीचे."

"मग मरतात कसे?"

"मरायला मेंबरशिप लागत नाही, उन्नती," दिपेश म्हणाला. तो विनोद करत नव्हता. त्याला विनोद येत नसत.

तिने सहा नावं लिहिली. सातव्यासाठी गेटवर गेली. सखू करावे गावची, सत्तरीची. समोर पाटीत बोंबील, मांडीवर सुरी. जिथे सोसायटीचा जिम होता, तिथे तिच्या सासऱ्याचं मिठागर होतं, पण तो विषय ती फक्त भाव कमी करणाऱ्यांकडे काढायची.

उन्नतीने सगळं सांगितलं.

"मना कोन मारनार?"

"शत्रू."

"त्यानं मना बगलाय कदी?"

"नाही."

"मी त्याला?"

"नाही."

"वलख नाय, पालख नाय, तरी मारतो, म्हंजे कारन लय मोटं असंल." सखूने बोंबील बाजूला ठेवला. "काय कारन हाय, पोरी?"

उन्नतीने आठवून पाहिलं. ग्रुपवर तीनशेच्या वर मेसेज आले होते. झेंडे होते, नकाशे होते, विमानांची तुलना होती. कारणही असणार. पण या बाईकडे बघून मोठ्याने सांगता येईल असं एकही तिला सापडेना.

"बरं, ऱ्हाऊ दे," सखू म्हणाली. "त्या तिकरच्यांची यादी कोन करतं?"

"कुणीतरी करत असेल."

"म्हंजे तिकरंबी तुज्यासारकी येक पोर वही घेऊन फिरत असंल. तिलाबी कोन नाव देत नसंल."

उन्नती तिथेच पाटीसमोर बसली. पाठीमागून गाड्या जात होत्या, आणि तिला स्वच्छ दिसली ती दुसरी मुलगी. पायात तसल्याच सपाता, कुठल्यातरी नवव्या मजल्यावर चहा घेऊन उतरलेली, हातात तसाच बोटभर रुंदीचा रकाना. चेहऱ्यासकट.

तिने सहा नावं खोडली आणि वर स्वतःचं लिहिलं.

"माजाबी लिव," सखू म्हणाली. "येकली परशील तं कशी दिसशील?"

पाचला भोंगा वाजला. शिट्टी होईपर्यंत मृतांनी हलायचं नाही, असा नियम होता. बागेतल्या तापलेल्या लाद्यांवर उन्नती पडली, शेजारी सखू. इतक्या खालून तिने आपली इमारत कधी पाहिली नव्हती. चौदा मजले आभाळात घुसलेले, आणि प्रत्येक बाल्कनीतून कुणीतरी मोबाइल धरून खाली बघणारं. मग अंगावर चादर आली. हॉलमधली होती, बुफेच्या टेबलावरची. नाकाशी पनीरचा डाग होता.

लिफ्टमधून उतरताना चारुलता शेजारणीला सांगत होती, नाटक आहे हो. बागेत आली आणि बोलायची थांबली. चादर वर करून तिने उन्नतीच्या कपाळावर हात ठेवला, ताप बघतात तसा.

"उनू. ऊठ, झालं आता."

उन्नती हलली नाही. नियम होता. आईच्या हाताला कणिक चिकटलेली होती, ती कपाळाला लागली.

"उनू."

किरकोळ जखमी सेल्फी काढायचे थांबले. डोळे न उघडता सखू पुटपुटली, "जरा दम काढ, बाय. आता शिटी वाजंल."

"आणि नाही वाजली तर?" चारुलता म्हणाली.

मधुकरकाका झोपाळ्याशी उभे होते आणि त्यांनी चष्मा काढला होता. चादरीखाली उन्नतीला ती दुसरी मुलगी पुन्हा दिसली. तिच्याही कपाळावर हात होता. तिथे शिट्टी कुणाकडेच नव्हती.

इथे वाजली. उन्नती उठून बसली. आईने तिचा हात सोडला नाही. मोकळ्या हाताने गाऊनच्या खिशातून मोबाइल काढला आणि कायसं दाबलं. उन्नतीने स्वतःचा फोन पाहिला. पोलमध्ये दोनशे चौदाचे दोनशे तेरा झाले होते. तिने आपलंही मत काढून घेतलं. यावर एखादा विनोद असायला हवा होता, तो तिला सुचला नाही.

सखू चादरीची घडी करून बोंबलांकडे निघून गेली. दिपेश वही घेऊन आला. नेहमीसारखा घाईत होता, पण आवाज खाली होता.

"उन्नती, सातातले दोनच भरलेत. बाकी पाचांचं काय लिहू?"

"जिवंत लिहा," ती म्हणाली.

दिपेशने तिच्याकडे पाहिलं, मग वर बाल्कन्यांकडे पाहिलं. आणि त्या बोटभर रुंद रकान्यात, एकाखाली एक, पाच वेळा तेच लिहिलं.