मळाच्या वळकट्या

शनिवारी कोरियातल्या गुन्सानच्या आमच्या सार्वजनिक स्नानगृहात तिकिटाच्या खिडकीपुढे बायकांनी कोंडाळं केलं होतं. मधोमध प्यो ग्वांग-सू नावाचा विक्रेता ओकबुनताईंच्या हातावर मळ काढायचा जेल चोळत होता. ताई तासभर गरम पाण्यात बसून, हिरव्या खरखरीत हातमोज्याने अंग घासून नुकत्याच बाहेर आल्या होत्या. तरी हातावर पांढुरक्या वळकट्या निघू लागल्या.

"बघा आजी, ही मेलेली कातडी. इथल्या अंग घासणाऱ्या बाईने आत ठेवलेली. वर्षानुवर्षांचा मळ तीस सेकंदांत बाहेर. माझा जेल मळाला नावानिशी हाक मारतो."

बायका हसल्या. ओकबुनताई मात्र माझ्याकडे वळल्या. "भावजी, मग बोकनामने बावीस वर्षं माझी पाठ घासून काढलं तरी काय?"

बोकनाम माझी बायको. इथंच बायकांचं अंग घासायची. गेल्या थंडीत वारली. तिच्यापुढे याच बायका नंबर लावायच्या. आता त्या प्योपुढे हात धरून उभ्या होत्या. सरळ सांगतो, मी जळलो. त्याच्या त्या गर्दीवर जळलो.

मी त्याच्या जेलची एक नळी घेतली. घरी हातावर चोळली, वळकट्या निघाल्या. वाटलं, खरंच की काय. मग तोच हात भाताच्या वाटीच्या स्टीलच्या झाकणाला लागला. पुसायला गेलो, तर तिथंही वळकट्या.

नळी औषधाच्या दुकानातल्या बाईंना दाखवली आणि पुढच्या शनिवारी झाकण घेऊन गेलो.

"प्योसाहेब, याचाही मळ काढा."

"काका, थट्टा करता काय? झाकणाला कुठली कातडी?"

"चोळा तर."

तो चोळेना. ओकबुनताईंनीच नळी ओढून घेतली. झाकणावर तशाच वळकट्या पडल्या.

"झाकण जन्मल्यापासून अंघोळीला गेलेलं दिसत नाही," मागून कोणीतरी म्हणालं.

दुकानातल्या बाईंनी सांगितलं तेच मी सांगितलं. जेलमध्ये घट्टपणा आणणारा पदार्थ असतो. चोळला की तो खोडरबराच्या चुऱ्यासारखा गोळा होतो. त्याबरोबर थोडी कातडी निघतही असेल, पण दिसतो तो बहुतेक जेलच. आपण लहानपणापासून अंगाचा मळ असाच वळताना पाहिला, म्हणून फसलो.

ओकबुनताई हळूच म्हणाल्या, "बोकनाम सांगायची, ताई, दर आठवड्याला नका घासू, कातडी आपली आपण झडते. मला वाटायचं, कामाचा कंटाळा करते."

प्यो पिशवी आवरत होता. "काकांना माझा हेवा वाटतो," तो म्हणाला.

वाटला, खोटं कशाला बोलू? म्हणून माझंही ऐकू नका आणि त्याचंही नाही. आरसा, ताटली, जे मिळेल त्यावर आधी चोळून बघा. मग हात पुढे करा.