भास्करच्या नावावरची ज्वाला

“कौनसे आयडी पे डालूं, काका?” आमलीतल्या मोबाइलच्या दुकानदारानं विचारलं, आणि भास्करनं बेधडक सांगून टाकलं, “मेरे पे ही डाल.”

दुकानदारानं एकदा त्याच्या पिकलेल्या मिशांकडे पाहिलं, एकदा फोनकडे. ज्वाला ज्या गेममधली, तो गेमच फोनमध्ये नव्हता. मग त्यानंच तो डाउनलोड केला, भास्करच्या नावानं खातं उघडलं, पैसे घेतले आणि ज्वाला फोनमध्ये हजर झाली. लाल शेला, पाठीवर धनुष्य, खांद्यावर ससाणा. भास्करला ती पसंत पडली. जरा जास्तच ताठ उभी राहते, एवढंच त्याच्या मनात आलं.

त्याचं गणित सरळ होतं. सिल्वासात नोकरीला लागल्यापासून घरी धाडलेली प्रत्येक वस्तू त्यानं अशीच घेतली होती. कुलर असो, मिक्सर असो, नाहीतर गुड्डीची सायकल, आधी आपल्या ताब्यात घ्यायची, नरोलीच्या खोलीवर आणून चालवून बघायची आणि मग शहाद्याकडे जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हवाली करायची. ही तर फोनातली बाई. हिला ड्रायव्हरचीही गरज नाही, फोटो पाठवतो तशी पाठवून देऊ.

आणि घेतली होती ती काही उगाच नाही. गुड्डी नववीत गेल्यापासून बापाशी बोलेनाशी झाली होती. भांडण नाही, तंटा नाही, पण फोनवर “हं”, “हो” आणि “आईले देऊ का?” यापलीकडे गाडी सरकायची नाही. अशात एका संध्याकाळी ती अचानक बोलत सुटली. गेममध्ये ज्वाला नावाची नवी बाई आलीय, वर्गातल्या मधुरानं घेतलीय, फुकटात मिळतात ती सगळी माणसं कशी भिकाऱ्यासारखी दिसतात, असं कायकाय. भास्करला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण कान तापेपर्यंत तो ऐकत राहिला. इतक्या दिवसांनी लेकीचा आवाज असा मोकळा ऐकला, या आनंदात त्याला त्या दिवशी जेवणही गोड लागलं.

खोलीतला जोडीदार लखन नंदुरबारकडचा. त्यानं ज्वाला उलटसुलट फिरवून पाहिली.

“भाऊ, ही पळते का जास्त?”

“नाही म्हणे.”

“मार कमी बसतो हिले?”

“सगळ्यांले सारखाच बसतो. गुड्डीच सांगे.”

“मंग पैसे कशाचे दिले भो?”

दिसते चांगली, एवढं भास्कर म्हणाला, आणि लखन त्यानंतर पोळ्या लाटतानाही हसत होता.

गुड्डीला फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी किंचाळली, मग कुणाच्या आयडीवर घेतली ते विचारलं, आणि मग तिनंच खरं काय ते सांगितलं. ज्याच्या नावावर घेतली त्याच्याकडेच ती राहणार होती. देता येत नाही, धाडता येत नाही. भास्करला वाटलं, आता ही रागावेल, रडेल. ती फक्त “राहू द्या पप्पा” म्हणाली आणि फोन आईकडे दिला. रागावली असती तरी बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी तो आमलीला जाऊन दुकानदाराशी हुज्जत घालून आला. दुकानदारानं हात जोडले. वापरलेला साबण परत घेतो का कुणी, असं काहीसं तो गुजरातीत पुटपुटला.

शेवटी लखनच म्हणाला, आता घेतलीच आहे तर खेळा तुम्हीच. थट्टेनं म्हणाला होता. भास्करनं मनावर घेतलं.

मे महिना होता, गुड्डीला सुट्टी होती. भास्करची सेकंड शिफ्ट चालू होती, म्हणजे जेवण करून कंपनीची बस येईपर्यंतचा वेळ मोकळा. चार जणांची टोळी करायची, एका बेटावर उतरायचं आणि बाकीच्या टोळ्यांना संपवायचं, असा तो खेळ. पहिल्या दिवशी भास्कर उतरला तो थेट विहिरीत. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्याच पायाशी बाँब टाकला. “पप्पा, तुम्ही काहीच करू नका, नुसते माझ्या मांगे रव्हा,” गुड्डी ओरडायची आणि खुदुखुदु हसायची. तोही तिच्या मागेमागे राहायचा. पुढे फुकटच्या मळक्या कपड्यातली गुड्डी, मागे लाल शेल्यातला बाप, अशी वरात निघायची.

आणि गुड्डी बोलायला लागली. नजर शत्रूवर, बोट बंदुकीवर, आणि तोंड बापाशी. भास्करला हे नवीन नव्हतं. खडोलीच्या सुताच्या कंपनीत तो वाइंडिंगवर, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या मशीनवर होता. तुटलेला धागा जोडताजोडता शेजारच्या मशीनवरचा माणूस जे बोलून जायचा, ते चहाला समोरासमोर बसल्यावर कधीच बोलायचा नाही. हात गुंतले की माणूस सुटतो. गुड्डीनं सांगितलं की तिला गणित आवडत नाही, आईचे गुडघे दुखतात पण ती तुम्हाला सांगू नको म्हणते, आणि एकदा एका भिंतीआड लपलेली असताना ती सहज म्हणाली,

“पप्पा, तुम्ही दिवाळीले घरी येता ना, तवा घरात सगळे हळू बोलतात. पाहुणे आल्यावाणी.”

भास्कर जागच्या जागी थांबला. तेवढ्यात कुणीतरी त्याला टिपलं. गुड्डी हसली, त्याला हसता आलं नाही. पण वाईट वाटूनही त्याला एक बरं वाटलं, की हे तिनं आपल्यालाच सांगितलं.

मग एक दिवस मधुरा आणि तिचा भाऊ सुमित टोळीत आले. सुमित वयानं मोठा, खेळात तरबेज आणि तोंडाचा फटकळ. ज्वाला झाडाला अडकलेली पाहून तो म्हणाला, “कोण आहे हा? एवढी महागाची घेतली अन् खेळता तर काहीच येत नाही.”

भास्कर “नमस्कार” म्हणायच्या बेतात होता. तेवढ्यात गुड्डी म्हणाली, “आहे एक. असाच, ओळखीचा.”

त्या दिवशी बसमध्ये त्यानं फोन खिशातून काढला नाही. मशीनवर धागे तुटत होते, लाल दिवे लागत होते, आणि तो भलतीकडेच बघत उभा. सुपरवायझर दोनदा ओरडून गेला. खोलीवर लखनला त्यानं सांगितलं तेव्हा लखनलाही यावेळी हसू आलं नाही. काढून टाका तो गेम, असं तो म्हणाला. पोरींचं वय असतं, बापानं मध्ये मध्ये केलं की लाज वाटते त्यांना.

भास्करनं विचार केला. लाज वाटली तर वाटली. आपण तिच्या वयाचे असताना बाप शाळेच्या दारात आला तर आपण तरी कुठे धावत गेलो होतो? पण गेम काढला तर पुन्हा “हं” आणि “हो”. ते त्याला सोसणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो वेळेवर आला, आपला माइक बंद केला आणि ओळखीचा माणूस होऊन मुकाट्यानं गुड्डीच्या मागे चालू लागला. नमस्कार नाही, हसणं नाही. तिनं दोनचारदा “बोला ना” म्हणून पाहिलं, सुमित आल्यावर मात्र तीही गप्प राहिली. हळूहळू त्याचा नेम बसायला लागला. धागा जोडणारी बोटं, ती काय मठ्ठ असणार? एकदा सुमितच म्हणाला, मुका आहे पण कामाचा आहे.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी डाव असा रंगला की बेटावर दोनच टोळ्या उरल्या. ही चौघं एका टेकाडाआड दबा धरून बसली होती आणि समोरचेही हलत नव्हते. भास्कर शर्ट घालून, डबा भरून नरोलीच्या नाक्यावर येऊन उभा होता, नजर मात्र फोनमध्ये. बस आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आता चढायला फोन खाली केला तर तेवढ्यात ज्वाला टिपली जाणार, टोळीत एक कमी होणार, गुड्डी हरणार. त्याचा पाय उचलेना. हॉर्न पुन्हा वाजला.

त्याचा माइक बंद होता, त्यामुळे हॉर्न तिकडे ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पण गुड्डीला वेळ कळत होती.

“पप्पा,” ती म्हणाली. “तुमची गाडी जाईल. जा तुम्ही. मी बघते.”

मग सुमितचा आवाज आला, “पप्पा? कोणाचे?”

“माझे,” गुड्डी म्हणाली. “सिल्वासाले असतात ते. सेकंड शिफ्ट आहे त्यांची.”

तिच्या आवाजात चोरटेपणा नव्हता, फुशारकीही नव्हती. घरी कुणी विचारलं तर सांगावं तसं तिनं सांगितलं. भास्करचे डोळे भरून आले आणि त्या भरात तो बसमध्ये कसा चढला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. खिडकीशी बसल्यावर त्यानं माइकचं बटण शोधलं, पण बोललं तर रडू फुटेल या भीतीनं बोट मागे घेतलं.

खडोली येईपर्यंत फोन जवळ ठेवता येत होता, पुढे तो गेटवर जमा करावा लागे. शेजारच्यानं काय चाललंय म्हणून डोकावून पाहिलं. भरल्या डोळ्यांना नेम दिसत नव्हता, त्यामुळे पडद्यावर ज्वाला टेकाडाशी नुसती उभी होती, कुणीच चालवत नसल्यासारखी. सुमित म्हणत होता, सोड तिला, चल पुढे, जिंकतोय आपण. गुड्डी हलली नाही. मळक्या कपड्यातली ती पोरगी ज्वालाच्या पुढे येऊन उभी राहिली होती, आणि समोरून येणाऱ्या गोळ्या आपल्या अंगावर घेत होती.