ब्रिजजवळचा पिकअप

गिटारच्या दुकानातल्या दुकानदाराने तोंड उघडलं आणि पिपाणीचं डोकं तिथेच फिरलं.

"मिस्टर वाजवतात का?"

"मी वाजवते. मिस्टर असते तर तेही मुकाट ऐकत बसले असते. ब्रिजचे हंबकर दाखवा."

पिपाणी हे तिचं घरातलं नाव. पाळण्यात ती असा काही टाहो फोडायची, की थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, हे नाव ठेवलं, आणि ते चाळिशी आली तरी सुटलं नाही. दिवसा ती दातांच्या कवळ्या बनवायची आणि संध्याकाळी दादाच्या बँडमध्ये गिटार वाजवायची. दादा गायचा. वहिनी ड्रमवर. बाकीचे आले तर आले, नाही तर नाही. बँड म्हणजे हे तिघंच.

गेले काही महिने गिटारचं काहीतरी बिनसलं होतं. ब्रिजपाशी, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथे, त्यांच्या अगदी खाली, दोन गुंडाळ्यांचा पिकअप असतो, तोच हंबकर. तो तारांची थरथर पकडतो आणि आवाज मोठा करणाऱ्या ॲम्पकडे धाडतो. सोलो वाजतो तो त्याच्याच जिवावर. पूर्वी तिची तार दादाच्या आवाजाला खेटून ताठ उभी राहायची. आता तीच तार शेजारच्या घरात कुणीतरी वाजवतंय अशी यायची. ॲम्प वाढवला तर खरखर वाढायची, धार काही येत नव्हती. तिने तारा बदलल्या, वायर बदलली, आणि शेवटी स्वतःच्या बोटांवर संशय घेतला. हे शेवटचं तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण आतून ती पार हादरली होती.

दादा मात्र भलताच खुशीत. वर्षापूर्वी त्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज बसला होता. तो आता परत आला, दिवसेंदिवस उघडतोय, असं तो भेटेल त्याला सांगत सुटला होता. गळ्याचे व्यायामही त्याने बंद केले होते. बऱ्या झालेल्या माणसाला कशाला हवेत व्यायाम?

आणि अशा खुशीतच परवा त्याने सांगून टाकलं, "पिपाणे, तुझा सोलो हल्ली लागतच नाही बघ. शनिवारच्या कार्यक्रमात तो कीबोर्डवाल्याला देऊ. तू मागे नुसती साथ कर. आणि इथून पुढे तसंच ठेवू. वाईट वाटून घेऊ नकोस हां."

वाईट? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं ती ज्या जागेवर उभी राहिली, ती जागा या माणसाने खुर्ची सरकवावी तशी सरकवली!

"शुक्रवारच्या तालमीपर्यंत थांब," ती म्हणाली. "पिकअप बदलते. मग बोल."

वहिनी ड्रमचा नट आवळत होती. तिने मान वर केली नाही.

म्हणून ही दुकानाची वारी. पहिल्या पिकअपने कानात खिळे ठोकले. दुसऱ्यात सगळे स्वर एकाच चिखलात लोळत होते. दुकानदाराने मग कपाटातून एक डबी अशी काढली, जणू आत हिरा आहे.

"हा घ्या. सगळ्यात गरम. लोहचुंबकच तगडं, म्हणून आवाज दणदणीत."

"मला भाजायचं नाहीये, वाजवायचंय."

कोपऱ्यात एक स्वस्तातली गिटार लटकत होती. तिच्यात पिपाणीच्या गिटारमध्ये होता तोच, त्याच बनावटीचा साधा पिकअप होता. केवळ दुकानदाराला खिजवायला तिने ती ॲम्पला लावली आणि एक तार छेडली. आवाज समोर येऊन उभा राहिला. हाच! हाच तर तिचा आवाज होता!

"हा द्या."

"अहो, हा अगदीच साधा. तुमच्याकडे कुठला आहे?"

"हाच."

"मग परत हाच कशाला?"

"आधीचा मेलाय म्हणून!" ती खेकसली. त्या माणसाने दिवसभरात विचारलेला एकच शहाणा प्रश्न, आणि तिला राग आला तो नेमका त्याचाच.

दादाच्या तळघरातून, तालमीच्या जागेवरून, तिने गिटार घरी आणली आणि टेबलावर आडवी घातली. नवा पिकअप जुन्याच्या उंचीला बसवायचा, तर आधी जुन्याची उंची पाहायला हवी. तिची रीत ठरलेली होती. शेवटच्या पट्टीवर तार दाबून धरायची आणि तार नि पिकअप यांच्यामध्ये दोन नाणी सरकवायची. ती जेमतेम जायला हवीत. आज ती आत जाऊन नुसतीच पडून राहिली. तिने तिसरं सरकवलं. चौथंही गेलं.

पिकअपच्या दोन्ही बाजूंच्या स्क्रूंवर ताजे, चमकते ओरखडे होते. कुणीतरी तो तारांपासून दूर, खाली गिटारच्या पोटात उतरवला होता; म्हणूनच आवाज मेला होता. तिने स्क्रू फिरवून तो आपल्या जागी आणला, वायर जोडली आणि वाजवलं. भिंतीपलीकडून शेजाऱ्याने थाप मारली, इतका तो आवाज खणखणीत आला.

बोटं शाबूत होती. तिला रडू आलं आणि पुढच्याच क्षणी संताप. एरवी गिटार आठवडाभर दादाच्या तळघरातच असायची, आणि तिथल्या किल्ल्या दादा-वहिनी या दोघांकडेच होत्या.

शुक्रवारी ती तळघरात शिरली ती गिटार उगारूनच.

"माझा पिकअप पाताळात कुणी घातला?"

"पाताळात म्हणजे?" दादाने विचारलं. त्याला स्क्रू आणि खिळा यांतला फरक कळत नसे. वहिनीने मात्र काठ्या खाली ठेवल्या, तिला हाताला धरून जिन्यात नेलं आणि दार ओढून घेतलं.

"मी केलं. हळूहळू, पाव पाव फेरा. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून."

"का?"

"तो दबत होता गं तुझ्याखाली. ऑपरेशननंतर घरी येऊन तोंड लपवून रडायचा. तुझा आवाज उतरत गेला, तसं त्याला वाटायला लागलं की आपला वाढतोय. हसायला लागला. मी काय करायचं होतं?"

"आणि मी? मला वाटलं माझी बोटं गेली! जागा चालली होती माझी!"

"तुझं काय, तू भांडून घेतेस. तो मोडला असता." वहिनीने तिचा दंड घट्ट धरला. "उद्याचा दिवस तेवढा खाली कर. हात जोडते."

"भांडता येतं म्हणून माझाच गळा दाबायचा?" पिपाणीने दंड सोडवून घेतला. "मी पाव फेराही हलवणार नाही."

ती आत गेली, ॲम्प लावला आणि म्हणाली, "पहिलं गाणं."

दादाने सुरुवात झोकात केली. दुसऱ्या ओळीला पिपाणीची तार आली आणि त्याचा आवाज ऐकूच येईनासा झाला. त्याने माइक तोंडाशी आणला, वरचा स्वर धरला, तो फाटला. पुन्हा धरला. पुन्हा फाटला. मग तो थांबला.

"नवा पिकअप जोरदार आहे," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला.

"नवा नाही, जुनाच आहे. वहिनीने खाली केला होता. आता तो जिथे असायचा तिथे आहे."

दादा आधी गिटारकडे बघत राहिला, मग बायकोकडे. ती नजर पिपाणीला बघवेना. भावाला धारेवर धरायचं म्हणून ती रस्ताभर शब्द जुळवत आली होती, ते सगळे आता तिला फोल वाटले.

"म्हणजे माझा आवाज..." तो म्हणाला. "मी व्यायाम सोडले. डॉक्टरकडे जायचं सोडलं. लोकांना सांगत फिरलो. आणि तू रोज..."

तो ओरडत होता. मानेच्या शिरा ताठल्या होत्या, चेहरा लालबुंद झाला होता, हात हवेत होता. पण घशातून नुसता वारा येत होता, शब्दही नीट उमटत नव्हते. वहिनी ड्रममागे मान खाली घालून बसली. तिला ऐकू आलं नाही, असं तिला सहज म्हणता आलं असतं.

पिपाणीने गिटार खाली ठेवली आणि ती दादाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"तो विचारतोय," ती भिंती हादरतील अशा आवाजात ओरडली, "आवाज परत आलेला नाही, हे तू रोज समोर बसून ऐकत होतीस ना?"