बाभळीची इजाजत

गावात उंदरं मरून पडायला लागली, अन् दिंद्रुडच्या अलीकडच्या त्या गावाला कळलं, प्लेग आला. आता घरं सोडून शिवारात खोपटं घालायची. पन खोपटाला लाकूड लागतं, अन् बाभूळ तोडायची तर तहसिलातून इजाजत. ती यायला महिना. सरणासाठी तेवढी मुभा होती, बाकी फांदी तोडली तरी दंड.

"चोरून तोडू की, मालक," सटवा येसकर म्हनला.

"पाटलानंच चोरी करायची व्हय बे?" अर्जुनराव पाटील गुरगुरला. "उद्या बीडात जिल्ह्यातल्या पाटलांची बैठक हाय. कोनते कायदे बदलायचे, त्याच्या तीनच मागन्या हैदराबादेला जातेत. पाटलाच्या सहीवर बाभूळ तुटावी, एवढं मागतो."

"लवकर या," बायको, चतुराबाई, म्हनली. "मोरीत बी उंदीर घावलाय."

दुसऱ्या दिवशी सटवाला घेऊन पाटील बीडात पोचला. बैठकीत पानाचं तबक फिरलं, अन् पहिला विडा गेला आष्टीच्या मोहनरावाला. अर्जुनरावाच्या आज्यापासून पहिला विडा त्यांच्याच घराचा. पाटील ताडकन उठला, बाहेर लिंबाखाली जाऊन बसला.

"आत चला मालक, आपलं बोलनं ऱ्हाईल," सटवा म्हनला.

"येतेत बोलवायला."

कुनी आलं न्हाई. आत बाजाराचा कर झाला, कोंडवाड्याचा दंड झाला, जत्रेतल्या दुकानांचा परवाना झाला. तीन मागन्या भरल्या, बैठक उठली. मोहनराव पान चघळत बाहेर आला.

"पाटील, हितं कावून बसलात? बाभळीचं तुमी मांडाल म्हनून मी वाट बघत होतो. माझ्या गावात बी उंदरं पडलेत."

पाटील उठला, अन् गावची वाट धरली.

गावी आला तर चतुराबाई तापानं फणफणलेली, काखेत गाठ.

"मिळाली का इजाजत?"

"मिळाली," तो म्हनला. दुसरं काय म्हननार?

सकाळी ती गेली.

सटवानं बांधावरच्या बाभळीला कुऱ्हाड घातली. सरणापुरतं लाकूड निघालं, तसा तो थांबला, पाटलाकडं बघत ऱ्हायला. पाटलानं मान वर केली न्हाई.

"सगळ्या पाड. गावाला खोपटं घालू दे."

"अन् तहसिलातून कुनी आलं तर?"

"सांग, पाटलाच्या घरी लई मयतं झालीत."