पाको की बाको?

मित्रांनो, मी एक जुना रोबो आहे. जुना म्हणजे सहा वर्षांचा. पण खेळण्यांच्या जगात सहा वर्षं म्हणजे साठी उलटली असंच समजा. उंचीने वीतभर, अंगाने पिवळा, कपाळाच्या मधोमध एकच डोळा. पोटात दोन सेल घातले की मी ऐटीत चालत असे. आता चालत नाही. श्रीवर्धनच्या एका घरात, पलंगाच्या उशाशी, औषधांच्या बाटल्यांशेजारी माझा मुक्काम असतो.

‘तारायान’ नावाच्या चित्रपटांत एक लाडका रोबो आहे, त्याची मी प्रतिकृती. कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. तिथे आम्ही हजारो भावंडं एका रांगेत उभी होतो. पुढे मस्कतच्या एका दुकानात अहमद नावाच्या गृहस्थांनी मला उचललं. ते तिथल्या गोदामात नोकरीला होते आणि लेकीसाठी खेळणं शोधत होते. खोक्यावरची अरबी अक्षरं त्यांनी बोट ठेवून वाचली आणि म्हणाले, “बाको. बरा नाव हाय!” गावी निघताना सामानाचं वजन जास्त भरलं, म्हणून खोका मस्कतच्या खोलीवरच राहिला. नाव विसरायला नको म्हणून त्यांनी माझ्या तळपायावर पेनाने ठसठशीत लिहिलं, ‘बाको’.

त्यांची महनूर तेव्हा आठ वर्षांची होती. तिने मला असं उराशी धरलं की माझा हात निखळायचा बाकी होता. दुसऱ्याच दिवशी कोळीवाड्यातला तिचा मित्र मितेश आला. त्याने ‘तारायान’ चार वेळा पाहिला होता, त्यामुळे या विषयात त्याचा शब्द शेवटचा. माझा तळपाय बघून तो किंचाळला, “ह्यो पाको हाय, बाको न्हाय!” झालं, वाद पेटला. पण तो गोड वाद होता. अंगणात सुपाऱ्या वाळत पडलेल्या असायच्या आणि त्यांच्या कडेला बसून ही दोघं माझ्या नावावरून तास तास भांडायची.

मग चित्रपटाचा दुसरा भाग आला आणि त्यात माझे पाय जाऊन तीन चाकं आली. मितेशला चाकं आवडली, महनूरला पाय. शेवटी मितेशची आजी नीराबाई मासळीची पाटी खाली ठेवत म्हणाली, “चाका वालूत रुततील रं. पायच बरं.” मी मनातल्या मनात तिला नमस्कार केला.

असंच चाललं असतं तर मी सुखाने जुना झालो असतो. पण मितेशच्या मोबाइलवर ‘तारायान’च्या चाहत्यांचा एक गट होता. एकदाचा निकाल लागावा म्हणून त्याने माझ्या तळपायाचा फोटो तिथे टाकला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. उत्तरं मात्र भराभर आली. कुणी लिहिलं, नकली माल. कुणी लिहिलं, पाकोचा गरीब भाऊ. एकाने लिहिलं, ‘आणणारा अडाणी दिसतो.’ ते वाक्य महनूरने तीनदा वाचलं.

संध्याकाळी मस्कतहून फोन आला. अहमदभाईंनी नेहमीसारखं विचारलं, “बाको कसा हाय?”

“पाको हाय तो, अब्बा! तुमाला नाव पन वाचता येत न्हाय. सगली हसतात मला.”

“खोक्यावर तसाच हाय गो.”

“मग खोका पन नकली!”

पलीकडे ते हसले. “बरा. पाको तर पाको,” म्हणाले. त्या दिवसानंतर त्यांनी माझं नाव कधी काढलं नाही. शाळेची चौकशी केली, वाडीतल्या नारळांची केली, माझी नाही. महनूरला ते कळत होतं. पण तोडून बोलल्याची चूक कबूल करायची म्हणजे विषय काढायला हवा, आणि तिची जीभ रेटत नव्हती. तिने ब्लेडने माझा तळपाय खरवडला आणि मला माळ्यावर टाकलं. पोटातले सेल तिथेच फुटले. त्यांच्या रसाने माझं आतडं गंजलं.

गेल्या वर्षी कामावर असताना अहमदभाईंना अर्धांगवायूचा झटका आला. सोबत्यांनी त्यांना घरी आणून सोडलं. उजवं अंग लुळं पडलेलं, तोंड वाकडं झालेलं. त्यांची बायको रेहाना बॅग उपसू लागली, तर कपड्यांच्या घड्यांत चपटा केलेला एक खोका निघाला.

“ह्यो कशाला आनला?” तिने विचारलं. त्यांनी डावा हात उचलून महनूरकडे बोट केलं.

महनूरने खोका उजेडात धरला. बे, अलिफ, काफ, वाव. बाको. तिने पुन्हा बोट ठेवून वाचलं, बाकोच. मकतबात, म्हणजे मशिदीतल्या अरबीच्या वर्गात, तिने शेकडो वेळा घोकलं होतं, अलिफ, बे, ते. अरबीत ‘प’ नाहीच! तिथे पाकोला बाकोच लिहितात. खोक्यावर जे लिहिलं होतं तेच अब्बांनी अक्षर न् अक्षर बरोबर वाचलं होतं. आणि लेकीला दाखवायचं म्हणून तो खोका इतकी वर्षं जपून ठेवला होता.

तिने मला माळ्यावरून काढलं, पुसलं, त्यांच्या डाव्या हातात दिलं. “अब्बा, तुमचाच बरोबर होता. मीच चुकले. एकदा बोला ना, बाको.”

त्यांनी मनापासून प्रयत्न केला. पण मित्रांनो, ‘ब’ म्हणायला ओठाला ओठ लागावा लागतो. ‘प’ म्हणायलाही लागतो. त्यांचे ओठ आता मिटत नाहीत.

“आको,” ते म्हणाले.

महनूर त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडली. मला रडता येत नाही, याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मितेश आला. ‘प’साठी जिवाचं रान करणारा तो मुलगा अहमदभाईंचं ‘आको’ ऐकत दारातच उभा राहिला. मग पलंगाजवळ येऊन हळूच म्हणाला, “चाचा, आको कसा हाय?” तेव्हापासून माझं नाव आको. आता कुणी वाद घालत नाही.

खेळणं ठेवून देताना त्यातले सेल काढत जा, एवढं तर मी सांगेनच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्यासाठी कुणी दुरून काही आणलं, तर त्याला हसण्याआधी त्याचं म्हणणं पुरतं ऐकून घ्या. चूक कळली तर त्याच दिवशी सांगा. माझ्या मालकिणीने उद्यावर ढकललं.

‘म’ म्हणायलाही ओठ मिटावे लागतात. त्यामुळे पलंगावरून रोज हाक येते, “अहनूर!” आणि ती असेल तिथून धावत येते.