साक्षीतलं नाव

तहसीलदारांनी तिसऱ्यांदा विचारलं, "बाई, आडाला कुंपण घातलं कोणी?"

गोजरबाईनं पदर पुढं ओढला. "पाटलानं."

"वाडीत पाटील तिघं आहेत. नाव सांगा."

तिनं नुसती मान हलवली. तिचे वकील दिनकरराव यांच्या कपाळाला आठी पडली. आजारपणाच्या कामाला फी घ्यायची नाही, हा त्यांचा नेम. झरी गावाजवळच्या त्या वाडीत ते स्वतः जाऊन आले होते. सरकारी आडाला बाभळीचं कुंपण घालून दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून गरिबांची घरं पायऱ्यांच्या बारवेत उतरून पाणी भरत होती, आणि यंदा अकरा माणसं पायातून जंत निघणाऱ्या नारूच्या रोगानं अंथरुणाला खिळली होती. बारव सोडा, आडाचं शेंदून प्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण कुंपण घालताना पाहिलं ते एकट्या गोजरबाईनं. ती बोलली नाही तर तिचा अर्ज फेटाळला जाणार होता.

"कोणी धमकावलं का तुम्हाला?" दिनकररावांनी विचारलं.

"न्हाई, वकीलसाब. कुनाच्या बाला भेत न्हाई मी."

"मग बोला की!"

"कसं बोलू? आमच्या मालकाचंच नाव हाय त्याला."

खोलीत खसखस पिकली. वकिलांनी जीभ चावली. अर्जात दोन्ही नावं त्यांनीच लिहिली होती: अर्जदार गोजरबाईचा नवरा मुंजाजी, आणि कुंपण घालणारा पाटील, तोही मुंजाजी. पण डोकं सगळं कलमांत. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, हे स्वतःच्या घरात रोज पाहणाऱ्या माणसाला सुचलं नाही ते नाहीच.

"मग उखाण्यात घे की," समोर बसलेला मुंजाजी पाटील मिशीतल्या मिशीत हसत म्हणाला.

गोजरबाई संतापली. पदर मागं सारून ती पाटलासमोर जाऊन उभी राहिली.

"मुंजाजी!" ती ओरडली. "ह्या मुंजाजीनं घातलं. म्या माझ्या डोळ्यानं बघितलं!"

"ओ!" बाहेरच्या व्हरांड्यातून आवाज आला.

आता कोणी हसलं नाही. कारकुनानं साक्ष उतरवून तिचा अंगठा घेतला. तीन दिवसांत कुंपण काढावं, असा हुकूम तहसीलदारांनी तिथंच लिहवला.

बाहेर तिचा नवरा भिंतीला धरून उठायला बघत होता. नारूच्या पायानं त्याला धड उभं राहता येत नव्हतं.

"बसा," गोजरबाई म्हणाली. "आड मोकळा झाला आपला."

"ते झालं ग्वाड. पन तू हाक मारलीस न्हवं मला?"

"तुमाला न्हाई. त्याला."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती, आणि तिच्या तोंडून ते नाव त्यानं आज पहिल्यांदा ऐकलं होतं.

"आसू दे," तो म्हणाला. "लय बरं वाटलं ऐकून. आनखी एकदा घे की."

गोजरबाईनं इकडंतिकडं पाहिलं. व्हरांडा माणसांनी भरला होता.

"घरी," ती म्हणाली.